भुताचं काहून

परवा पार्लरमध्ये एक पोरगी भुवया करायला आली. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी कातडी ताणून धरलेली. मी दोऱ्याचं टोक दातात धरून कामाला लागले, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, तुमच्या आत्याचा तो भुताचा पिक्चर पाह्यला. काय गोड आवाज हाय हो त्यांचा!"

दोरा असा ओढला गेला की तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. ती "अगं माय!" म्हणून ओरडली. मी "चुकून झालं" म्हटलं, पण चुकून झालेलं नव्हतं. तो आवाज माझ्या आत्याचा नाही. कुणाचा आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. पुण्यातल्या कुठल्याशा एसी खोलीत, कानाला हेडफोन लावून, आत्याच्या ओठांकडे बघत बघत कुणा बाईनं आपला आवाज तिच्या तोंडात कोंबला आहे. आणि आमच्याच गावची पोरगी, जिनं लहानपणापासून दर बाजाराला आत्याचा खरा आवाज ऐकला, ती मला सांगते गोड आहे म्हणून.

राग आला की तो कुठंतरी निघाल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, इतरांच्या नाकावर राग असतो, तुझ्या नाकावर त्यानं घर बांधलं आहे. तर हा राग लोकांच्या भुवयांवर निघण्यापेक्षा कागदावर निघालेला बरा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावातच दिलेली. आमचं गाव बाजाराचं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं जीपमधून उतरतात ती आधी बाजारात, मग बाकीच्या कामांना. त्या बाजारात आत्या आपल्या शेतातली मेथी, शेपू, वांगी, मिरच्या घेऊन बसते. रंगानं काळी, हाडानं मोठी, आणि आवाज असा की जीपवाल्याच्या हॉर्नलाही वाट सोडावी लागावी. पण ती ओरडून विकत नाही. तिला त्याची गरजच पडत नसे, कारण तिच्याजवळ एक शब्द होता.

गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, येवढे काय सांगता, जरा कमी करा की." आत्या हातातली जुडी खाली ठेवायची, मान वर करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायची आणि विचारायची, "काहून?"

बस. एवढंच. त्यात भांडण नसायचं, टोमणा नसायचा. तिला खरोखर जाणून घ्यायचं असायचं की बाबा, कमी काहून करू? तुला परवडत नाही म्हणून? भाजी शिळी आहे म्हणून? की तू मागशील आणि मी देईन अशी रीत आहे म्हणून? त्या एका शब्दासमोर मी भलेभले गडबडलेले पाहिले आहेत. गुळगुळीत शर्ट घातलेले साहेबलोक "तसं नाही, म्हणजे..." करत मुकाट्यानं जुडी पिशवीत टाकायचे. आत्या लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

'काहून' म्हणजे 'का', असं पुस्तकातले लोक सांगतील. सांगोत. मी चौथीत असताना वर्गात "गुरुजी, काहून?" म्हटलं म्हणून एका गुरुजींनी माझ्या हातावर छडी मारली होती. ते पुण्याकडून बदली होऊन आले होते. म्हणाले, "काहून नाही, का म्हणावं. शुद्ध बोलावं." मी रडत घरी आले. पुढच्या बाजाराला ते गुरुजी भाजी घ्यायला आले तेव्हा आत्यानं वांगी पाल्याखाली झाकली आणि विचारलं, "गुर्जी, माझ्या भाचीनं 'काहून' न्हाई म्हनायचं. काहून?" गुरुजींनी पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. वांगी मात्र मिळाली. त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की आपली आत्या आहे तोवर आपल्या बोलण्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

आता पिक्चरचं सांगते.

माझा चुलत भाऊ लग्नाचं शूटिंग करतो. सेनगावपासून जवळा बाजार गावापर्यंत कुणाच्या हळदीत कोण रुसलं होतं, हे त्याच्या कॅमेऱ्यात आहे. नवरा-नवरीला सोयाबीनच्या रानात पळवून पळवून त्याला कंटाळा आला होता. म्हणायचा, "ताई, येक खरा पिक्चर काढायचाय. भुताचा. पन लोक हासले पायजेत." त्याचा एक मित्र मोबाइलचं दुकान चालवतो, तो एडिटिंग करणार. मी मेकअप करणार. आणि गोष्ट? गोष्ट महिनोन्‌महिने नव्हती. मग एका बाजारी तो आत्याजवळ पोत्यावर बसून शेंगा खात होता आणि समोर एका गिऱ्हाइकाचं "काहून?" झालं. भावाच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

गोष्ट अशी ठरली. गावात एक थापाड्या आहे, तो म्हणजे माझा भाऊच. बाजारात बसणाऱ्या एका बाईला तो फसवतो. ती मरते आणि भूत होऊन त्याच्या मागे लागते. गळा दाबत नाही, उलट्या पायांनी चालत नाही. तो जिथं जाईल तिथं आधीच जाऊन बसलेली असते, आणि विचारते, "काहून?" तो एक थाप मारतो. ती परत विचारते, काहून. तो दुसरी मारतो. असं करत करत त्याच्या थापा संपत जातात, आणि थापा संपल्यावर माणसाची जी अवस्था होते ती बघून हसावं की घाबरावं ते कळत नाही.

पहिल्या दिवशी मी माझं सगळं कसब पणाला लावलं. नवरीला लावायचा बेस, त्यावर पावडर, डोळ्यांभोवती काळं, ओठ पांढरे. आत्याला पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी करून टाकली. तिनं आरशात पाहिलं.

"हे काहून?"

"भूत हाय ना तू, आत्या."

"भूत गोरं काहून? जित्तेपनी काळी होते, मेल्यावर गोरी कशी होईन? तिकडं बी तुझं पार्लर हाय का?"

आम्ही पोट धरून हसलो. तिनं हौदावर जाऊन तोंड खसाखसा धुतलं आणि स्वतःच्याच साडीत, स्वतःच्याच तोंडानं येऊन उभी राहिली. आणि खरं सांगते, ती तशीच जास्त भयंकर दिसली. आपल्या ओळखीची बाई, बाजारात दिसते तशीच, फक्त मेलेली. पिक्चरच्या पाट्यांमध्ये मेकअप म्हणून माझं नाव आहे. काम मी काहीच केलेलं नाही, तरी त्या नावाचा मला अभिमान होता.

भावानं तिच्यासाठी दोन पानं डायलॉग लिहिले होते. सर्वनाश, सूड, रक्त, असलं काहीबाही. आत्या म्हणाली, "येवढं बोलायला मी काय पुढारी हाय का? बाजारात येवढं बोलले असते तर येक जुडी इकली नसती." दोन पानं गेली, एक शब्द राहिला. पण तो एक शब्द ती दरवेळी वेगळा म्हणायची. कधी रोखून, कधी हसत, कधी तोंडात शेंगदाणा असल्यासारखा. एकदा तर तिनं नुसती हनुवटी उचलली आणि आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला.

रात्रीचे सीन आम्ही भर दुपारी केले. कारण शेतीची लाईट रात्री यायची आणि हरभऱ्याला पाणी द्यायला आत्याला शेतात जावं लागायचं. भुताला रात्री सवड नव्हती. मग पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्र्या लावल्या आणि आत अंधार केला. आत इतकं उकडायचं की थापाड्याला घाम फुटल्याचं नाटक करावं लागलं नाही. आवाजासाठी लग्नातला कॉलर माइक आत्याच्या पदराखाली लावला. बाहेर बकऱ्या बांधलेल्या, त्या नेमक्या नको तिथं ओरडायच्या. मोबाइलवाला मित्र कपाळाला हात लावून बसायचा.

शेवटचा सीन मात्र कुणी लिहिलेलाच नव्हता. थापाड्याच्या थापा संपतात, इथवर ठरलं होतं. पुढं काय, ते भावालाही ठाऊक नव्हतं. कॅमेरा चालू होता. तो शेडच्या कोपऱ्यात उकिडवा बसला, तोंड उघडलं, बंद केलं, आणि एकदम म्हणाला, "मला भेव वाटून राह्यलं." ते थापाड्या म्हणाला की माझा भाऊ, देव जाणे. आत्या त्याच्यासमोर बसली होती. तिनं आपली खरखरीत बोटं त्याच्या डोक्यावर ठेवली आणि अगदी हळू, तापातल्या लेकराला विचारावं तसं विचारलं, "काहून?"

बकरीसुद्धा ओरडली नाही. भाऊ रडायला लागला, आणि आमचा पिक्चर संपला.

गावात तो आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवला. माणसं दारात, खिडक्यांत. पोट धरधरून हसली. पण शेवटच्या त्या 'काहून'ला हसणं जागच्या जागी थांबलं. माझ्याशेजारी बसलेली म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "असं मला कोनी इचारलंच न्हाई बाई कधी." त्यानंतर महिनाभर गावात कुणाला सुखानं थाप मारता आली नाही. नवरा उशिरा आला की बायको विचारायची, काहून. दुकानदार म्हणाला माल संपला, की पोरं ओरडायची, काहून? आत्या बाजारात आली की लोक रस्ता द्यायचे आणि हसायचे. ती म्हणायची, "जित्तेपनी येवढा मान न्हाई मिळाला, मेल्यावर मिळाला." आणि खूश असायची.

मग पुण्याचा फोन आला. मोबाइलवर पिक्चर दाखवणारी कुठलीशी कंपनी. तिथल्या साहेबानं भावाला सांगितलं, पिक्चर आवडला, आम्ही घेतो, लाखो लोक बघतील. "फक्त आवाज जरा साफ करून घ्यावा लागेल."

भाऊ म्हणाला, "करा ना साहेब, बराबर हाय. लई तकलीफ झाली आमाला बी त्याची."

त्याला वाटलं बकऱ्या. आम्हा सगळ्यांनाच वाटलं बकऱ्या. आमच्याकडे आवाज साफ करणं म्हणजे खरखर काढणं, मोटरची घरघर काढणं. तो उड्या मारत आला, "ताई, बकऱ्या काढनारेत! पुन्यात मशीन हाय तशी." कागदांवर सही करून पाठवली. मीच देवापुढं साखर ठेवली. 'साफ' या शब्दाचा दुसराही अर्थ असतो, आणि त्या अर्थानं काढून टाकायची खरखर आपण स्वतः असतो, हे आमच्या टाळक्यात आलं नाही.

पिक्चर आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे आत्याच्या घरी जमलो. भावानं फोन टीव्हीला जोडला. नाव बदललं होतं. आम्ही 'काहून' ठेवलं होतं, त्यांनी 'का रे भुता?' केलं होतं. मी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "आसू दे ताई, मार्केटिंग आसतं." पत्र्याची शेड आली. बकरी ओरडली. मग आत्या दिसली, मान वर केली, डोळे रोखले, तोंड उघडलं, आणि त्यातून एक साखरेत घोळलेला, नाकात नथ घातल्यासारखा आवाज आला.

"का बरं?"

मला आधी वाटलं टीव्ही बिघडला. पण दुसऱ्यांदाही तेच. का बरं. तिसऱ्यांदा, अगं बाई, का बरं? जिथं आत्या गप्प बसली होती तिथंही त्यांनी बोलणं भरलं होतं, कारण गप्प बसलेलं भूत त्यांना चालत नसावं. आणि शेवटचा तो सीन. भावाच्या डोक्यावर आत्याची बोटं, चेहऱ्यावर तीच माया, आणि आवाज आला, "इकडे बघ! मी तुझ्याशीच बोलतेय!" वर ढॅण करून संगीत.

भावाचा आवाज मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. त्याचं 'येऊन राह्यलो', 'जाऊन राह्यलो', 'न्हाई', सगळं जागच्या जागी. कारण तो थापाड्या, तो हसण्यासाठी. म्हणजे बघा हिशेब कसा आहे. भ्यायचं असेल तर शुद्ध बोलणाऱ्याला भ्यायचं, आणि हसायचं असेल तर आम्हाला हसायचं. बकऱ्याही होत्या तशाच होत्या, गावाचा फील यावा म्हणून. साफ झाली होती ती फक्त आत्या.

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती उठेल, कमरेवर हात ठेवील आणि टीव्हीला विचारील, काहून? मी त्याची वाट बघत होते. सगळं घर त्याची वाट बघत होतं.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बरं केलं त्यायनं. किती गोड बोलली बाई. माझा आवाज म्हंजी काय, दगडावर पाटा घासल्यावानी."

मी तिथून उठले ते थेट घरी आले. भाऊ मागून आला. "ताई, लोक पाहून तर राह्यले ना निदान." मी त्याला म्हटलं, "लोक कोनाला पाहून राह्यले? तुझी आत्या हाय का त्याच्यात?" त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, पण त्याच्यासारख्या पोराला सहीच्या वेळी कुणी विचारलं होतं की बाबा, तुला 'साफ' म्हणजे काय वाटलं? ज्याला कळत होतं त्यानंच विचारलं नाही. म्हणून ज्याला कळत होतं त्याला, पुण्याच्या त्या साहेबाला, मी फोन लावला.

साहेब फार नम्र. तो नम्रपणाच मला खपत नाही. "ताई, तुमच्या भावना समजतात. पण हे सगळ्या महाराष्ट्रात जायला हवं ना? 'काहून' लोकांना कळत नाही."

"काहून कळत न्हाई?"

तिकडून हसू आलं. "हेच, ताई. हे ऐकल्यावर लोक हसतात."

"मग हसायचाच पिक्चर हाय ना तो!"

"हो, पण भूत म्हटल्यावर जरा वजन लागतं." मग आवाज खाली आणून, जवळीक दाखवत म्हणाला, "आणि मी काही परका नाही. मूळचा तिकडचाच आहे. आमच्या घरीही असंच बोलायचे."

माझं डोकं त्या वाक्यानं खरं फिरलं. परका असता तर एक शिवी देऊन फोन ठेवला असता. मी विचारलं, "मग तुमची आई काय म्हनती? काहून म्हनती का का बरं म्हनती?"

तो म्हणाला, "आई आता इकडेच असते. आता छान बोलते ती."

छान बोलते. त्यानं ते अभिमानानं सांगितलं की दुखून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी फोन ठेवला. आणि आता हे सगळं मी लिहिते आहे ते कशात? त्याच छान भाषेत. चौथीतली छडी वाया गेली नाही म्हणायची. याचाही मला राग येतो, तो कुणावर काढू?

पुढं जे झालं ते याहून वाईट. पिक्चर खरोखर चालला. हिंगोलीहून, कळमनुरीहून पोरंपोरी बाजारात यायला लागली, फोन समोर धरून. "मावशी, एकदा म्हना ना!" आत्या पहिल्यांदा म्हणाली, "काहून?" पोरं म्हणाली, "तसं न्हाई हो, पिक्चरमधल्यावानी." तिनं पुन्हा म्हटलं, काहून. पोरांची तोंडं पडली. एक पोरगी तर सरळ म्हणाली, "ह्या त्या न्हाईत वाटतं."

दुसऱ्या बाजारी मी पाहिलं, आत्या मेथीच्या ढिगामागे बसून पुटपुटत होती. का बरं. का बरं. 'ब'वर नीट ओठ मिटत, 'रं' नाकात नेत. आणि पोरं आली तेव्हा तिनं मान वर केली, डोळे रोखले आणि म्हणाली, "का बरं?" पोरं टाळ्या पिटत नाचली. तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. आत्या लाजली. साठीच्या पुढची बाई, आणि मी तिला त्याआधी कधी लाजताना पाहिलं नव्हतं.

मी तिच्याशी भांडले. "आत्या, लोकांच्या आवाजाची नक्कल काहून करून राह्यली तू? तो तुझा पिक्चर हाय!"

ती म्हणाली, "गंमत हाय गं माय. लेकरं येवढ्या लांबून येऊन राह्यले. त्यायचं मन मोडून काय मिळवू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला अजूनच चीड आली. पण गंमत पोरांपुरती राहिली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, कमी करा. ती म्हणायची, का बरं? गिऱ्हाईक गडबडायचं नाही. गिऱ्हाईक खो खो हसायचं, फोन काढायचं, आणि आपल्याच भावात जुडी घेऊन जायचं. ज्या शब्दापुढं गुरुजी गप्प झाले होते तो शब्द बाजारातून गेला, आणि त्याच्या जागी जो आला त्याला कुणी भीत नव्हतं. गावात मी याबद्दल बोलले की लोक म्हणायचे, तुला जळून राह्यलं वाटतं. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "उलट बरं आहे की, या वयात सुधारतायत." त्यांचं फेशियल होतं त्या दिवशी. मी वाफ जरा जास्तच दिली.

आमचा खरा पिक्चर माझ्याजवळ आहे. हॉलमध्ये दाखवला होता तो, पेनड्राइव्हमध्ये, पार्लरच्या ड्रॉवरमध्ये मेंदीच्या कोनांखाली. गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या मनानं घेतलं की आत्याला तो दाखवायचाच. तिला तिचा तो हळू आवाजातला 'काहून' ऐकवायचा. ऐकला की तिला आपोआप कळेल, मला भांडावं लागणार नाही. पार्लर बंद केलं आणि गेले.

आत्या ओसरीत एकटीच बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. बाजाराचा दिवस नव्हता. पोरं नव्हती, फोन नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. मी तिच्यासमोर बसले, दोन जुड्या बांधू लागले आणि म्हटलं, "आत्या, चाल माझ्या घरी. टीव्हीवर आपला पिक्चर लावते. खरा."

ती जुडीला सुतळीचा वेढा देत, मान खाली ठेवूनच म्हणाली, "का बरं?"

मी हसले. थट्टा करते आहे म्हणून. तिच्या हसण्याची वाट बघत थांबले. ती सुतळीची गाठ मारत होती. गाठ बसली, जुडी बाजूला गेली, तिनं दुसरी उचलली.

"आत्या," मी म्हटलं, "हितं कोन हाय आता? काहून अशी बोलून राह्यली?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मान वर केली. बाजारात गिऱ्हाइकाकडे बघायची तसं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं, माझ्या डोळ्यांत बघितलं. लहानपणापासून ओळखीचे ते डोळे, तेच तोंड, तेच ओठ.

"कशी बोलतेय मी?" ती म्हणाली.